कोणता भोपळा?

लेकीकडे जाऊन गुबगुबीत होऊन परतणारी आणि वाटेतल्या वाघ-कोल्ह्यांना चकवण्यासाठी भोपळ्यात बसणारी म्हातारी मराठी घरांत सर्वांच्या ओळखीची आहे. तिच्या गोष्टीची सचित्र पुस्तके एकदा चाळून पाहावीत. त्यांतला भोपळा बहुधा नारिंगी असतो, वरून-खालून चेपलेला, अंगावर फुगीर फाका असलेला. हा भोपळा मूळचा अमेरिकेतला. कोलंबसाच्या आधी तो या बाजूच्या जगात कुठेच नव्हता. चित्रकाराने तो मंडईत पाहिला असेल किंवा सिंड्रेलाच्या रथावरून उचलला असेल, पण म्हातारी त्यात बसली असण्याचा संभव कमी. बंगालीत हीच गोष्ट उपेंद्रकिशोर रायचौधुरी यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी ‘टुनटुनीर बोइ’ या संग्रहात सांगितली. तिथली कुबडी म्हातारी ‘लाउ’च्या कवचात बसते, आणि लाउ म्हणजे आपला दुधी. इराणातही ही म्हातारी आहे आणि तिचे वाहन ‘कदू’ आहे. दुधी वेलावरच पिकून वाळला की त्याचे कवच लाकडासारखे टणक होते, आत पोकळी राहते आणि वजन जवळजवळ उरत नाही. असे कवच उतारावरून गडगडत जाते. लाल भोपळा असा वाळत नाही; त्याच्या भिंती गराच्या, त्या नासतात.

एवढा तपशील मुलांच्या गोष्टीसाठी कशाला, असे कोणी म्हणेल. पण हीच गफलत आपल्या खाद्येतिहासाच्या गंभीर लेखनातही वारंवार दिसते आणि तिथे ती निरुपद्रवी राहत नाही. जुन्या ग्रंथात ओळखीचा शब्द दिसला की आपण आजची भाजी त्यात टाकून मोकळे होतो. भाजी कधी आली, कुठून आली यावर हिरिरीने वाद होतात. पण शब्दाच्या आत त्या काळी कोणती भाजी होती, हा पहिला प्रश्न विचारायचा राहून जातो.

मराठीतला ‘भोपळा’ हा शब्द कोणत्या वस्तूभोवती वाढला, याचा पुरावा भाषेतच आहे. पोहायला शिकणाऱ्या पोराच्या पाठीला बांधतात तो वाळका भोपळा. तंबोऱ्याचा, सतारीचा, वीणेचा भोपळा. साध्या परीक्षेत मिळतो तो भोपळा, म्हणजे आत काही नसलेला गोल. भ्रमाचा भोपळा फुटतो तेव्हा फुटणारी वस्तूही पोकळच असली पाहिजे. लाल भोपळा फुटला तर आत अर्धा किलो बिया आणि गर निघेल, भ्रम निघणार नाही. हे सगळे प्रयोग दुधीच्या कुळाचे आहेत, शास्त्रीय भाषेत लॅजेनेरिया सिसेरारियाचे. संस्कृतातला अलाबू तो हाच, संन्याशाचा तुंबाही हाच. अमेरिकेतून कुकुर्बिटा वंशाची फळे आली तेव्हा मराठी माणसाने त्यांच्यासाठी नवा शब्द घडवला नाही. वेल तसाच, पाने तशीच मोठी, फळ तसेच भले थोरले. तेव्हा हाही भोपळाच, फक्त लाल. पुढे लाल भोपळा इतका मुरला की ‘भोपळा’ म्हटले की आधी तोच डोळ्यांसमोर येऊ लागला आणि मूळ मालकाला ‘दुधी’ हे विशेषण लावून ओळख पटवावी लागली.

शेजारच्या भाषांत काय घडले ते पाहिले की गंमत वाढते. बंगालीने या पाहुण्याला दुधीच्या घरी न नेता कोहळ्याच्या घरी नेले. कूष्मांडापासून आलेला ‘कुमडो’ हा तिथला शब्द. छपरावर चढतो तो ‘चाल कुमडो’ म्हणजे आपला कोहळा, आणि नवा आला तो ‘मिष्टि कुमडो’. कन्नडातही ‘कुंबळ’ कोहळ्याच्याच घरातला. हिंदी पट्ट्यात दोन्ही तऱ्हा आहेत. बिहारकडचा ‘कोंहड़ा’ बंगालीच्या वाटेने गेला, तर ‘कद्दू’ फारसीतून आला. फारसीत तो जुना दुधीचा शब्द. हैदराबादेत आजही ‘कद्दू की खीर’ दुधीचीच होते. दिल्लीच्या बाजारात तर लाल भोपळ्याला ‘सीताफल’ म्हणतात. आपले सीताफळ वेगळे, पण तेही अमेरिकेतलेच. आणि हे सगळे परप्रांतांतच घडते असे नाही. पुण्याकडे लाल भोपळ्याचे घारगे होतात, विदर्भात त्याच भोपळ्याची, त्याच गुळाची ‘कोहळ्याची बोंडं’. गोव्यात ‘दुदी’ मागितली तर हातात लाल भोपळा पडतो. खानदेशात ‘डांगर’ हे गोड वेलफळ, इतरत्र लाल भोपळा, आणि कोकणात डांगर म्हणजे उडदाच्या पिठाचे तोंडीलावणे.

माझ्या माहितीतल्या भाषांपैकी पाहुण्याच्या आगमनाची नोंद ठेवली ती तमिळने. तिथे लाल भोपळ्याचे एक रूढ नाव ‘परंगिक्काय्’, म्हणजे फिरंग्यांचे फळ. बाकी सर्वांनी त्याला घरातलेच नाव देऊन जन्मदाखला पुसून टाकला. मिरचीचेही असेच झाले: ती तिखटपणाच्या कामात मिरीच्या जागी आली आणि मिरीचेच नाव घेऊन बसली. यात कुणाचा अडाणीपणा नाही. स्वयंपाकघर वनस्पतीला तिच्या कामावरून ओळखते. जे काम करील त्याला कामाचे नाव. अडचण होते ती नंतर येणाऱ्या अभ्यासकाची.

या अभ्यासाचा पाया घालणारा मोठा ग्रंथ म्हणजे आल्फोन्स द कांदोल यांचा लागवडीखालील वनस्पतींच्या मूळस्थानांवरचा, १८८२ सालचा. रानटी पूर्वज कुठे आढळतो, उत्खननात काय मिळते, लेखी पुरावा काय सांगतो आणि निरनिराळ्या भाषांत नावे कोणती, असे चार साक्षीदार त्यांनी उभे केले. एखाद्या भाजीला संस्कृत नाव असेल तर ती इथे फार जुनी, हा तर्क तेव्हापासून आपल्याकडे विशेष लाडका झाला. द कांदोल स्वतः लौकिक नावांबद्दल सावध होते. तरीही भोपळ्याने त्यांनाही चकवले. लाल भोपळ्याच्या एका जातीचे मूळ त्यांनी पश्चिम आफ्रिकेतल्या गिनीत ठेवले. पुढे कुकुर्बिटाचा सगळाच वंश अमेरिकेतला ठरला. मेक्सिकोतल्या ओआहाका प्रांतातील गुहेत सापडलेल्या त्याच्या लागवडीच्या बिया दहा हजार वर्षांच्या घरातल्या आहेत. पहिल्या तीन साक्षीदारांची उलटतपासणी नंतरच्या शतकात झाली. चौथ्याची, म्हणजे नावाची, आपण अजून नीट केलेली नाही.

कूष्मांडाचेच पाहा. मोनियर-विल्यम्स यांच्या संस्कृत-इंग्रजी कोशात तो ‘पम्पकिन’च्या जातीचा सांगितला आहे, शेजारी शास्त्रीय नाव मात्र कोहळ्याचे दिले आहे. कोशकाराने आपले काम केले. पण इंग्रजी सारांशात शास्त्रीय नाव गळते, ‘पम्पकिन’ उरतो, आणि त्या सारांशावरून मराठीत लिहिणारा त्याचा ‘भोपळा’ करतो. संस्कृतातून मराठीत यायला इंग्रजीला वळसा घातला आणि वाटेत एक खंड बदलला. ज्या भाषेत ‘कोहळा’ हा कूष्मांडाचा सरळ वंशज जिवंत आहे, तिथे ही वेळ यावी हे खटकते. बळीच्या जागी कापायचा तो कोहळा, नव्या घराच्या दारात टांगायचा तो कोहळा, आवळा देऊन काढायचा तोही कोहळाच. त्याच्या जागी लाल भोपळा ठेवून बाराव्या शतकातल्या कल्याणीच्या चालुक्य दरबारचा ‘मानसोल्लास’ किंवा सतराव्या शतकातले रघुनाथांचे ‘भोजनकुतूहल’ वाचायला बसलो, तर त्या पानांतल्या पदार्थाची चव, रंग, पाण्याचे प्रमाण, सगळेच चुकते. कोहळा जवळजवळ पाणीच असतो, म्हणून तर आग्र्याच्या पेठ्यासाठी तो चुन्याच्या पाण्यात कडक करावा लागतो.

पटोलाची गोष्ट याहून नाजूक आहे. या एका संस्कृत शब्दातून उत्तरेत ‘परवल’ आला आणि मराठीत ‘पडवळ’. दोन्ही ट्रायकोसँथीस वंशाचे, पण वनस्पती दोन. परवल हाताच्या बोटाएवढा, दरवर्षी जुन्या मुळांतून फुटणारा, नर-मादी वेल वेगळे असणारा. पडवळ हातभर लांब सापासारखे, एका हंगामाचे, दोन्ही प्रकारची फुले एकाच वेलावर. आयुर्वेदाच्या ग्रंथांत पटोल हे नुसती भाजी नाही, औषध आहे. उत्तरेकडचा वैद्य त्या जागी परवल घेतो, केरळातला वैद्य रानटी कडू पडवळ घेतो, आणि दोघांच्या समोर श्लोक एकच असतो. ग्रंथाची शुद्ध आवृत्ती काढून हा प्रश्न सुटत नाही. इथे पाठभेद शब्दात नाही, परसात आहे.

महामृत्युंजय मंत्रातल्या ‘उर्वारुक’ या शब्दाबद्दलही मला असेच वाटते. अनुवाद सहसा काकडी असा होतो. पण त्या ऋचेतली उपमा पिकल्यावर देठापासून सहज सुटणाऱ्या फळाची आहे. काकडी पिकून पिवळी पडली तरी वेलाला धरून राहते, ती तोडावी लागते. देठाशी आपोआप सुटणे हा खरबुजाच्या कुळाचा गुण: चिबूड, वाळूक, रानातले शेंदाड. चिबूड पिकला की फुटतो, वास सुटतो आणि नुसता हात लावला तरी देठ सोडतो. माझे मत चिबुडाच्या बाजूने आहे. ते कोणी मानले नाही तरी चालेल; पण त्या उपमेची परीक्षा शेताच्या बांधावर व्हायला हवी, कोशात नव्हे. काकडी आणि चिबूड हे दोघेही, योगायोगाने, अस्सल इकडचे आहेत. काकडीचा रानटी, कडू पूर्वज हिमालयाच्या पायथ्याशी अजून उगवतो. खरबुजाचे कूळ आशियात आणि आफ्रिकेत स्वतंत्रपणे माणसाळवले गेले, असे अलीकडचे जनुकीय अभ्यास सांगतात.

मग ज्याला आपण सर्वांत जुना, सर्वांत आपला समजतो त्या दुधीचे गाव कोणते? आफ्रिका. त्याची खरीखुरी रानटी रूपे तिथेच सापडतात. झिम्बाब्वेतल्या अशा एका वेलाचा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. आशियात तो हजारो वर्षांपूर्वी पोचला. अमेरिकेत तर कोलंबसाच्या फार आधी, सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी होता. तो तिथे कसा गेला यावर बराच खल झाला. आशियातून माणसांबरोबर गेला असे एक मत काही काळ पुढे होते. २०१४ च्या जनुकीय अभ्यासाने तो आफ्रिकेतून समुद्रप्रवाहांवर तरंगत गेला असावा असा निर्वाळा दिला. सात महिन्यांहून अधिक काळ खाऱ्या पाण्यात तरंगत ठेवलेल्या भोपळ्यातल्या बिया उगवल्याचे प्रयोग विसाव्या शतकाच्या मध्यालाच झाले होते. म्हणजे म्हातारीशिवायही भोपळा प्रवास करतो. आणि लाल भोपळ्याच्या देशात दुधी लाल भोपळ्याइतकाच जुना आहे.

दुधीचा इतिहास हा कडूपणा जाण्याचा इतिहास आहे. या कुळातल्या रानटी फळांत कुकुर्बिटॅसिन नावाची कडू, विषारी द्रव्ये असतात. माणसाने पिढ्यान्‌पिढ्या गोड वेलांचे बी राखले. काकडीच्या बाबतीत कडूपणा आवरणारी जनुके चिनी शास्त्रज्ञांनी २०१४ साली दाखवून दिली. काकडीचे टोक कापून घासणारी, तुकडा जिभेवर ठेवूनच बाकीची चिरणारी आजी तोच तपास हजारो वर्षे करत आली होती. भाजीचा दुधी गोड झाला, पण तंबोऱ्याचा भोपळा कडूच राहिला, कारण त्याच्याकडून चवीची अपेक्षा नव्हती. पंढरपूरच्या परिसरात पिकणारे हे भोपळे मिरजेच्या सतारमेकरांकडे जातात. (मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्यात भोपळ्याच्या शेतकऱ्याचे नाव कितीदा घेतले गेले, हा वेगळा लेख होईल.) दोन्ही एकाच जातीचे, शेजारी लावले तर मधमाशी परागांची सरमिसळ करते आणि पुढच्या पिढीत गोड दिसणारा दुधी कडू निघू शकतो. ‘कडू ते औषधी’ हा आपला जुना भाव इथे जिवावर बेततो. २०१० साली दिल्लीत कडू दुधीचा रस प्यायल्याने मृत्यू झाला. त्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने नेमलेल्या समितीने कडू लागलेला रस अजिबात पिऊ नये, असे स्पष्ट सांगितले. ग्रंथातल्या तुंबीचे गुण वाचून बाजारातल्या दुधीचा रस काढणाऱ्यांनी हे लक्षात ठेवलेले बरे. ग्रंथकाराने कोणती तुंबी पाहिली होती, ते त्या रसात दिसत नाही.

उपवासाचा विषय टाळता येत नाही, कारण दर आषाढीला कोणीतरी तो उपरोधाने काढतोच. साबुदाण्याचा कसावा, बटाटा, शेंगदाणा, मिरची, राजगिरा, रताळे सगळे अमेरिकेतले, आणि इथले वांगे चातुर्मासात वर्ज्य! यादी बरोबर आहे. तिच्यावरून काढलेला निष्कर्ष, की परंपरा म्हणून काही नसतेच, तो मात्र उथळ आहे. निषेधाची यादी ज्या काळी झाली त्या काळी नसलेल्या वस्तू तिच्यात असणार कशा? यादीत नाही ते चालते, या सरळ नियमाने नवी कंदमुळे जुन्या कंदमुळांच्या जागी बसली. बदलले ते पदार्थ. ताटातल्या जागा जुन्याच आहेत. परंपरेचे शुद्धतावादी आणि तिची टर उडवणारे, दोघेही पदार्थालाच परंपरा समजतात.

वांग्याकडे येताना सूर थोडा बदलावा लागतो, कारण इथे मूळस्थान ही केवळ कुतूहलाची बाब राहत नाही. वांगे भारत आणि आग्नेय आशियाच्या पट्ट्यातले, यावर फारसा वाद नाही. वाद होतो तो किती जुने, कुठे पहिले, यावर. हरियाणातल्या फरमाणा येथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या वसंत शिंदे यांच्या नेतृत्वाखाली उत्खनन झाले. तिथल्या हडप्पाकालीन भांड्यांवरच्या आणि दातांवरच्या स्टार्चकणांत अरुणिमा कश्यप आणि स्टीव्ह वेबर यांना आले, हळद आणि वांगे यांच्या खुणा मिळाल्या. शोध महत्त्वाचा आहे. पण वर्तमानपत्रांनी त्याची ‘चार हजार वर्षांपूर्वीची करी’ केली आणि वर पाककृतीही जोडून दिली. स्टार्चचा कण वनस्पती सांगतो. ती रानातली की वाफ्यातली, कशाच्या आधी घातली, किती शिजवली, हे सांगत नाही. संशोधकांनी भांड्याच्या तळाशी जे पाहिले त्याच्यापेक्षा जास्त आपण त्यात शिजवले.

याच वांग्याच्या मूळस्थानावरून २०१० साली देशाचे धोरण हलले. जालन्याच्या महिकोने विकसित केलेल्या बीटी वांग्याला १४ ऑक्टोबर २००९ रोजी संबंधित समितीने मंजुरी दिली. नागपूरसह सात शहरांत जाहीर सुनावण्या झाल्या आणि ९ फेब्रुवारी २०१० रोजी तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी त्याला स्थगिती दिली. भारत हे वांग्याचे मूळस्थान आहे, इथे असंख्य देशी वाण आहेत, त्यांत नव्या जनुकाची मिसळ झाली तर ती परत काढता येणार नाही, हा विरोधातला एक मुख्य मुद्दा होता. मुद्दा मला पटतो. पण तो ‘भारत’ या शब्दात बांधला गेला तिथे कच्चा राहिला. वांग्याचे रानटी भाऊबंद राज्यघटना वाचून उगवत नाहीत. २०१३ साली बांगलादेशाने तेच तंत्र असलेल्या वांग्याला परवानगी दिली. तो प्रदेशही त्याच मूळस्थानाचा भाग, आणि मधमाशीला पासपोर्ट लागत नाही. कृष्णाकाठच्या भरताच्या वांग्याची आणि जळगावच्या वांग्याची काळजी खरोखर वाटत असेल, तर मूळस्थान हा अभिमानाचा विषय न करता बी राखण्याचा विषय करावा लागेल. शब्दाचा प्रवासही तेच दाखवतो: संस्कृत ‘वातिंगण’ फारसीत ‘बादिंगान’ झाला, अरबी ‘अल्’ लावून स्पेन-पोर्तुगालला गेला, तिथून ‘बेरिंजेला’ होऊन गोव्यात उतरला आणि इंग्रजांच्या तोंडी ‘ब्रिंजल’ झाला. आज हाच शब्द आपल्या सरकारी कागदांवर देशी वाणाचे इंग्रजी नाव म्हणून छापला जातो.

आता मूळस्थानाचा शोध किती मागे न्यायचा, याचा विचार करायला एक भाजी चांगली आहे. श्रावणाच्या सुमारास सह्याद्रीच्या पायथ्याच्या गावांतून आदिवासी बाया टोपलीत करटुली घेऊन बाजारात बसतात. कुठे ती कंटोळी, कुठे कर्टोली. तिचा नर वेल वेगळा, मादी वेल वेगळा. जमिनीतला कंद उन्हाळा काढतो आणि पहिल्या पावसाने फुटतो. शेतात लावायची तर नर वेल राखावे लागतात, नाहीतर फुले येतात आणि फळ धरत नाही. म्हणून आजही बराच माल रानातूनच येतो. हिच्या नावात मला घोटाळा सापडलेला नाही. हिची जागा कोणी घेतली नाही, हिनेही कोणाची घेतली नाही. पण हिचा आणि कारल्याचा जो मोमोर्डिका वंश, त्याच्या साठेक जातींपैकी बहुतेक आफ्रिकेतल्या. त्याची एक शाखा सुमारे १ कोटी ९० लाख वर्षांपूर्वी आशियात आली, असे २०१० सालचा वंशावळीचा अभ्यास सांगतो. ती आणणारा माणूस तेव्हा अजून झालेला नव्हता.